बसलेलं नाही

पंखा फिरतोय. दिवा हिरवा.
पडदा काळा, आणि त्यावर एक चौकोन
"सिग्नल नाही" म्हणत
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतोय,
दवाखान्याबाहेर ताटकळलेल्या नातेवाइकासारखा.

मग तीन लांब बीप. शांतता. पुन्हा तीन.

स्विंडन, बुधवार, रात्रीचे पावणेअकरा.
उद्या दुपारपर्यंत एक्केचाळीस जणींचे पगार जायला हवेत.
म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या, गोळ्या मोजून देणाऱ्या,
ज्यांचे तास मी मिनिटांपर्यंत मोजते
आणि ज्यांतल्या एकीलाही मी पाहिलेलं नाही.
काम हळू चालायचं म्हणून मेमरी वाढवली:
चार होती, आठ आणखी घातली.
आता काम चालतच नाही.
यावर आपल्याकडे गणपती-मारुतीची म्हण आहे,
ती आठवू नये म्हणून मी स्क्रूड्रायव्हर शोधते.

पेटी आडवी केली. रेडिएटरला हात लावून
अंगातली वीज उतरवली.
आत करड्या धुळीची लोकर, सहा वर्षांच्या कार्पेटची.
नवी पट्टी काढली. जुनी एकटी लावली. तीन बीप.
नवी एकटी. तीन बीप.
जागा बदलून. तीन.
खोडरबराने सोनेरी दात घासले,
फुंकर मारली, मारू नये म्हणतात तरी,
नाण्याएवढी बॅटरी काढून बशीत ठेवली,
एक चहा होईतो थांबले, परत लावली.
तीन.

दारावर टकटक. खालचे लव्हरिज, पायात सपाता.
"तुझ्या घरात कोणी ट्रक मागे घेतंय का?"
वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते,
कारखाना बंद पडेपर्यंत.
कॉम्प्युटर उघडलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता.
चष्मा कपाळावरून नाकावर आणला,
पट्टीचं एक टोक बोटाने चाचपलं, मग दुसरं,
आणि बोलले इंग्रजीतच,
पण मला ऐकू आलं ते असं:
बसवलंयस तू. बसलेलं नाही.

"जोर लाव."
मोडेल ना.
"जोर सोसायलाच केलंय ते."

दर रविवारी मिरजेहून मावशी विचारते, बसला का गं जम?
बसला, म्हणते मी. अकरा वर्षं म्हणतेय.
आणि इथे दारं बोटांच्या टोकांनी ढकलते,
धक्का दुसऱ्याचा लागला तरी सॉरी माझं आधी,
पगारवाढ मागितली ती इतक्या हळू
की वाचणाऱ्याला वाटलं, आभार मानतेय.

दोन्ही अंगठे ठेवले. दाबलं.
बोर्ड किंचित वाकला, माझ्या पोटात गोळा,
अजून दाबलं,
टक्.
दुसऱ्या टोकाला, टक्.
अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढाच आवाज.
मग दुसरी पट्टी, तिलाही.
लव्हरिज तोवर जिना उतरत होते,
मागे न बघता हात वर केला.

एकच बीप, आखूड.
पांढरी अक्षरं: चार अधिक आठ, बारा. मंजूर.
तारीख मात्र बशीत सांडली होती.
एक जानेवारी दोन हजार बारा, मध्यरात्र, म्हणत होता तो.
रविवार होता त्या दिवशी, मी मोजून पाहिलं.
म्हणजे मी मिरजेत, केस धुऊन गच्चीवर,
कुठेही न निघालेली.

मिनिटभर राहू दिलं तिला तिथे.
मग वर्ष बदललं, महिना, वार आपोआप बदलला.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा, असं लिहून आलं.
दाबलं, गरजेपेक्षा जरा जास्तच.

अडाएझे, पीस. सदतीस तास, वीस मिनिटं.
अंतुनिश, लुर्दिना. एकोणतीस तास.